मे महिन्यात बारा माणसं आणि आटलेली विहीर: छपराच्या पाण्याची टाकी किती मोठी बांधायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत कौलारू घर, मागच्या बाजूला पत्र्याची पडवी. आई-वडील बारा महिने तिथेच, बाकी मंडळी मुंबईला. मार्च लागला की विहिरीचा तळ दिसू लागतो, नळाचं पाणी भरवशाचं नाही, आणि नेमकं मे महिन्यात दहा जण सुट्टीला येतात. छपराचं पाणी साठवायचं ठरलंय. एका कंत्राटदाराने जमिनीखाली ५०,००० लिटरची टाकी सुचवली आहे. ती बांधावी का, पाणी मेपर्यंत टिकेल का, आणि ते पिता येईल का?

५०,००० लिटरची टाकी बांधू नका. तुमच्या घराला जमिनीवरची १०,००० लिटरची टाकी पुरेल. पण त्याआधी हे पाणी कशाला वापरायचं ते घरात बसून ठरवा. कोकणात टाक्या बांधायचं काम करताना मला सर्वांत जास्त गोंधळ इथेच दिसतो. लोक छप्पर मोजतात, पाऊस मोजतात, आणि त्यावरून टाकी काढतात. तुमच्याकडे पाऊस हा मुद्दाच नाही. पावसाविना जाणारे दिवस आणि त्या दिवसांत घरात असलेली माणसं, टाकी यावर ठरते.

हिशेब करून बघू. १ मार्च ते १५ जून हे १०७ दिवस. आई-वडील दोघं, म्हणजे २१४ माणूस-दिवस. मे महिन्यात दहा पाहुणे वीस दिवस राहिले तर आणखी २००. एकूण ४१४. पिणं, स्वयंपाक आणि खरकटी भांडी एवढंच या पाण्यावर करायचं ठरवलं तर माणशी रोज २० लिटर पुष्कळ झाले. ४१४ गुणिले २० म्हणजे ८,२८० लिटर. टाकीच्या तळातलं अर्धा वीत पाणी गाळासकट तिथेच राहतं, ते धरा साधारण ५०० लिटर. वर थोडी ढिलाई ठेवली की १०,००० झाले. आंघोळ, कपडे, संडास, सगळंच या टाकीवर टाकायचं असेल तर माणशी ५५ लिटर धरा. सरकारी नळपाणी योजनाही तोच आकडा धरतात. तरी बेरीज २३,००० च्या आतच येते. म्हणजे सगळं घर टाकीवर चालवलं तरी ५०,००० लिटरच्या निम्म्यालाही तुम्ही पोचत नाही. उरलेला पैसा खड्ड्यात जातो, तोही जांभा फोडून काढलेल्या खड्ड्यात.

माझं मत विचाराल तर आंघोळ-कपड्यांसाठी विहिरीचं उरलेलं पाणी, नळ, फारच झालं तर टँकर, असं चालू द्या. त्या पाण्याला चव नसली, थोडा गढूळपणा असला तरी चालतं. पिण्याचं पाणी मात्र हंड्याने आणायला लागू नये, एवढ्यासाठी टाकी. मे महिन्यात घरातल्या बायकांची जी पायपीट होते ती बहुतेक याच पाण्यासाठी होते.

आता छप्पर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. क्षेत्रफळ मोजताना कौलांच्या उतारावर टेप लावू नका. खाली जमिनीवर पागोळ्या जिथे पडतात तिथपासून आढ्याच्या बरोबर खालच्या रेषेपर्यंत मोजा, कारण पाऊस आडव्या क्षेत्रफळावर पडतो. तुमचं मागचं पाखं, म्हणजे छपराची मागची उतरती बाजू, आणि पडवी मिळून ४० चौरस मीटर धरू, म्हणजे सव्वाचारशे चौरस फुटांच्या आसपास. तुमच्याकडचा पाऊस ३,००० मिलिमीटर धरू. कौलं थोडं पाणी पितात, थोडं वाऱ्याने उडतं, म्हणून ८० टक्के धरायचं. तरी ९६,००० लिटर होतात. एका पाख्याचे! १०,००० ची टाकी भरायला सव्वातीनशे मिलिमीटरही लागत नाही, जुलैतल्या चांगल्या आठ-दहा दिवसांचं ते काम आहे.

याचा अर्थ तुम्हाला पाण्याच्या बाबतीत चोखंदळ राहता येतं, आणि राहायलाच हवं. माण-खटावकडे ५०० मिलिमीटर पाऊस. तिथे माणसाला पहिल्या सरीपासून थेंब न थेंब गोळा करावा लागतो, चारही बाजूंना पन्हळ लावावी लागते. तुम्ही तसं करू नका. घराभोवती फिरा आणि सर्वांत स्वच्छ पाखं निवडा: ज्यावर आंब्या-फणसाची फांदी येत नाही, चुलीचा धूर बसत नाही, आणि माकडं कमी नाचतात. पत्र्याची पडवी असेल तर तीच उत्तम. पत्रा उन्हात तापतो, त्यावर शेवाळ धरत नाही, पहिल्या दोन-तीन सरींत धुऊन निघतो. आजकाल गावोगाव स्लॅबवरही पत्र्याची शेड चढवतात, तिचं पाणीही छान. कौलांवर शेवाळ असतं, ते शाकारणीच्या वेळी, म्हणजे पावसाआधी कौलं नीट लावून घेताना, घासून काढा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते पाण्यातून पोटात गेल्याने अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, धोका आहे तो धूळ छातीत जाण्याचा. म्हणून ते घासू नका, कापू नका. आणि दुसरं छप्पर हाताशी असताना पिण्याला ते पाणी घेऊ नका. डांबर फासलेल्या स्लॅबचं पाणी तर नकोच, वास जाता जात नाही.

पन्हळीकडे लोक शेवटी बघतात आणि सगळी योजना तिथेच फसते. पूर्वी पोफळ चिरून पन्हळ करत, अजूनही कुठे कुठे दिसते. तुम्ही सहा इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून घ्या, एका पाईपच्या दोन पन्हळी होतात. चार इंची घेऊन भागणार नाही. तासाला १०० मिलिमीटरच्या जोराने सर आली, आणि आषाढात ती येतेच, तर ४० चौरस मीटरवरून सेकंदाला लिटरभराहून जास्त पाणी धावत येतं. चार इंची पन्हळ त्याला जेमतेम पुरते, आणि एखादं पान अडकलं की वरून सांडते. उतार मीटरला एक सेंटिमीटर द्या. जास्त दिलात तर एका टोकाला पन्हळ कौलांपासून इतकी खाली जाते की पाणी तिच्यावरून उडी मारून अंगणात पडतं. कौलांच्या तीव्र उताराला तसंही पाणी उडतंच. त्यावर उपाय म्हणजे वळचणीला पत्र्याची एक पट्टी वाकवून तिचं खालचं टोक पन्हळीत सोडायचं, पाणी त्या पट्टीला धरून खाली उतरतं. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवा, म्हणजे तुंबली तर पाणी भिंतीवर न येता बाहेर सांडेल. दर दोन फुटांवर लोखंडी पट्टीचा आधार द्या. प्लंबर चार फुटांवर देतो म्हणेल, ऐकू नका. पाण्याचं वजन ती पेलेलही, माकडाचं पेलणार नाही.

पन्हळीतून खाली उतरणाऱ्या पाईपच्या तोंडाशी जाड जाळी हवी, पानं अडवायला. तिच्यानंतर पहिलं पाणी बाजूला काढायची सोय. त्यासाठी टी बसवून एक फाटा खाली १०० लिटरच्या झाकणबंद पिंपात सोडायचा. सर आली की आधी पिंप भरतं, ते भरलं की पाणी वरच्या फाट्याने टाकीकडे वळतं. पिंपाच्या बुडाला बारीक भोक किंवा किंचित उघडा ठेवलेला नळ, म्हणजे पुढच्या सरीपर्यंत ते आपोआप रिकामं होतं. ४० चौरस मीटरला पहिला एक-दोन मिलिमीटर पाऊस सोडायचा तर ४० ते ८० लिटर होतात, म्हणून १०० चं पिंप. काही प्लंबर चार इंची उभ्या पाईपचा तुकडा लावून हेच काम करून देतात. त्या पाईपच्या एका मीटरमध्ये नऊ लिटरही मावत नाहीत, तेव्हा तो नुसता दाखवण्यापुरता असतो. पिंप नवं किंवा खाण्याच्या वस्तूचं घ्या, रसायनाचं कितीही धुतलं तरी नको.

वाळू, खडी आणि कोळशाचा फिल्टर बसवायचा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कंत्राटदार बसवणारच. मी छपराच्या पाण्याला टाकीआधी वाळूचा फिल्टर लावत नाही. बारीक वाळूतून पाणी सावकाश जातं, आपल्याकडची सर तेवढी थांबत नाही, आणि मग निम्मं पाणी फिल्टरच्या वरून वाहून जातं. न धुतलेली वाळू दोन महिन्यांत स्वतःच वास मारू लागते. कोळसा तर एका पावसाळ्यापलीकडे काही कामाचा राहत नाही. जाळी, पिंप आणि टाकीत शिरण्याआधी मच्छरदाणीची दुहेरी जाळी, एवढं सांभाळलं तर पुरतं. बारीक गाळणं पिण्याच्या पाण्यापुरतं स्वयंपाकघरात करा.

कधी भरायची, याला आपलं नक्षत्रांचं कॅलेंडर सोयीचं आहे. मे अखेरीला शाकारणी उरका, आणि मृगात टाकीतलं पाणी संपलं की ती आतून घासून घ्या. मृगाचा पाऊस छप्पर धुवायला द्या, पिंपाचा नळ पूर्ण उघडा ठेवून सगळं पाणी वाहू द्या. आर्द्रातलं पाणी टाकीत घेऊन एकदा टाकी खळखळून सोडून द्या. पुनर्वसू-पुष्याचं, म्हणजे जुलैतलं पाणी भरा. तोवर छप्पर, झाडं, हवा सगळं धुतलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये पिण्याला हेच पाणी वापरा, कारण त्या दिवसांत विहिरीत आजूबाजूचं गढूळ पाणी उतरलेलं असतं, आणि टाकी रोज वरून भरतच असते. गणपती झाले की टाकी काठोकाठ भरून आत येणारा व्हॉल्व्ह बंद करा आणि मार्चपर्यंत नळाला हात लावू नका. तोवर विहिरीला पाणी असतं. हस्ताच्या गडगडाटी सरींचं पाणी घेऊ नका. मध्ये उघडीप मिळालेली असते, छपरावर पक्ष्यांची विष्ठा आणि पाला साचलेला असतो.

सप्टेंबरचं पाणी मेपर्यंत टिकतं का? टिकतं, दोन अटींवर: आत उजेड नाही आणि आत पाला नाही. उजेड नसेल तर शेवाळ धरत नाही. पाला नसेल तर कुजायला काही उरत नाही, वास येतो तो तळाशी कुजणाऱ्या पाल्याचा. बारीक गाळ खाली बसतो आणि पाणी उलट निवळत जातं. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी खडकात खोदलेलं पावसाच्या पाण्याचं टाकं आहे, आणि आपल्या गडांवर खांबटाकी आहेत. तोंड लहान, पोट खडकाच्या आत, आत अंधार. हे खोदणाऱ्यांना कुणी शिकवलं माहीत नाही, पण आजही टाकी बांधताना याहून वेगळं काही करायचं नसतं. पांढऱ्या पातळ प्लास्टिकच्या टाकीतून उजेड आत जातो, तेव्हा तयार टाकी घ्यायची तर काळी किंवा जाड थरांची घ्या आणि सावलीत ठेवा.

बांधायचीच असेल तर फेरोसिमेंटची गोल टाकी बांधा. अडीच मीटर व्यास, दोन मीटर उंची, की ९,८०० लिटर होतात. वेल्डमेश आणि कोंबडीजाळीचा सांगाडा, त्यावर एकास दोन किंवा एकास तीन सिमेंट-वाळूचा गिलावा, जाडी चार सेंटिमीटरच्या आसपास. यात सगळी कला गिलाव्याची आणि पाणी मारण्याची. किमान दोन आठवडे टाकी ओल्या पोत्यांखाली राहायला हवी. म्हणून एप्रिलमध्ये टाकी बांधायला काढू नका, गिलाव्याला मारायला पाणी कुठून आणणार? डिसेंबर-जानेवारी हा काळ बरा. चिऱ्याची चौकोनी टाकी स्वस्त पडते असं गवंडी सांगेल. चिरा पाणी झिरपवतो, आणि चौकोनी भिंती पाण्याच्या दाबाने फुगतात. उंची चार फुटांच्या वर न्यायची असेल तर मध्ये काँक्रीटचे पट्टे लागतात, मग स्वस्ताई संपते. नव्या सिमेंटच्या टाकीचं पहिलं पाणी चुनखडीसारखं लागतं, ते झाडांना घाला.

टाकी जमिनीवर, दोन फूट उंच चिऱ्याच्या जोत्यावर. कळशी खाली मावली पाहिजे, वाकून वाटीने भरायला लागू नये. १०,००० लिटर म्हणजे १० टन वजन, तेव्हा जोतं भरावावर नको, घट्ट जमिनीवर किंवा जांभ्यावर हवं. नळ तळापासून अर्धी वीत वर आणि गाळ काढायला तळाशी वेगळा पाईप. ओसंडणाऱ्या पाईपला जाळी विसरू नका, उंदीर तिथूनच शिरतात. लेप्टोचा ताप आपल्या भागाला नवा नाही, आणि तो उंदराच्या मुतातून पसरतो. डेंग्यूचा डासही अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. झाकणाला कुलूप लावा, मे महिन्यात घरात मुलं असतील.

जमिनीखालची टाकी मला का नको, तेही सांगतो. गळती दिसत नाही. शोषखड्डा आणि गोठ्याचं पाणी कधी आत झिरपलं ते कळत नाही. पंप लागतो, आणि मे महिन्यात वळवाच्या एका वादळाने वीज दोन-दोन दिवस जाते. शिवाय पावसाळ्यात भोवतीच्या जमिनीत पाणी भरलेलं असताना टाकी रिकामी असेल तर ती खालून उचलली जाते. प्लास्टिकच्या टाक्या तर अख्ख्या वर आलेल्या मी पाहिल्या आहेत. अंगणात जागाच नसेल तरच खाली जा.

ओसंडून जाणारं उरलेलं पाणी विहिरीत सोडावं का, असं पुढे कुणीतरी तुम्हाला सुचवेल. देशावर, काळ्या कातळात, त्याचा उपयोग होतो. तुमची विहीर जुलैत तशीच काठोकाठ भरलेली असते, आणखी पाणी घालून ती जास्त भरत नाही. जांभा सच्छिद्र; त्यातून शिरलेलं पाणी खालच्या चिकट मातीच्या थरावरून सरकत उताराने पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, जातं आणि मार्चपर्यंत थांबत नाही. विहीर महिनाभर जास्त टिकवायची असेल तर पऱ्यावर पोत्यांचा वनराई बंधारा घाला, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, प्रवाह अजून वाहता असताना. ते वाडीने मिळून करायचं काम आहे. आंबा-काजूच्या रोपांसाठी पाणी हवं असेल तर बागेत प्लास्टिकचा कागद अंथरून जलकुंड करा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याची पद्धत बसवून दिली आहे. ते पाणी फक्त झाडांना.

शेवटी पिण्याचं. पाणी कितीही निवळ दिसलं तरी छपरावर पक्षी बसतात, त्यामुळे ते तसंच पिऊ नका. दुहेरी फडक्याने गाळून खळखळून उकळी आणा, हा सर्वांत सोपा मार्ग. नाहीतर क्लोरीनचे थेंब, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, आणि अर्धा तास थांबणं. सगळ्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून सहा महिने निर्धास्त राहता येत नाही, क्लोरीन काही दिवसांत उडून जातं. टाकी धुताना पावडर वापरा. रोजच्या वापरात रोजच्या हंड्यापुरतं निर्जंतुकीकरण पुरतं. आरओ मशीन लावू नका. ते क्षार काढण्यासाठी असतं, पावसाच्या पाण्यात क्षार नसतातच जवळजवळ, आणि गाळलेल्याहून जास्त पाणी ते मोरीत सोडतं. जपून साठवलेल्या पाण्याची अशी नासाडी कशाला करायची? साधा मेणबत्तीचा फिल्टर किंवा यूव्ही ठीक. पाणी चवीला थोडं सपक लागेल, वडील कुरकुर करतील. आई करणार नाही, या पाण्यात डाळ लवकर शिजते. ऑक्टोबरमध्ये एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा नमुना तपासून घ्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, तो भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना कसा पाठवायचा ते सांगेल.

टाकी साफ करायला आत उतरताना झाकण बराच वेळ उघडं ठेवा, आणि वडिलांना एकट्याने उतरू देऊ नका.

आता मे संपत आलाय, तेव्हा यंदा टाकीच्या मागे लागू नका. शाकारणीबरोबर मागच्या पाख्याला पन्हळ आणि पिंप बसवून घ्या, पाणी नुसतं अंगणातल्या दुसऱ्या पिंपात सोडा. जुलैच्या जोराच्या सरीत वडिलांना पन्हळीचा व्हिडिओ काढून पाठवायला सांगा: पाणी कुठून उडतं, कुठे सांडतं, कोणता आधार वाकतो. गणपतीला याल तेव्हा ते दुरुस्त करा आणि टाकीची जागा आखा. गवंड्याला डिसेंबरचं काम म्हणून आत्ताच सांगून ठेवा, नंतर तो मिळत नाही.